भारतीय हॉकी संघात कोण असेल, हे यादी जाहीर होण्याआधी नेमकं कसं ओळखायचं?

सोलापूरच्या पार्क चौकातल्या तुमच्या कट्ट्यावर ऑगस्ट २०२६ च्या विश्वचषकासाठी प्रत्येकजण आपापली यादी लिहून देणार आहे, आणि तुमची दर वेळी पाच-सहा नावं चुकतात, असं तुम्ही विचारताना लिहिलंय. पाच-सहा चुकणं वाईट नाही. फक्त ती कुठली चुकतात ते तपासा.

पुरुष संघाच्या तीन मोठ्या याद्या शेजारी मांडून पाहा. जानेवारी २०२३ च्या विश्वचषकातल्या १८ जणांपैकी १२ जण पॅरिस ऑलिंपिकच्या १६ मध्ये होते. पॅरिसच्या त्या १६ पैकी पुन्हा १२ जणच २०२५ मध्ये राजगीरला आशिया चषक जिंकलेल्या १८ मध्ये होते. म्हणजे डझनभर नावं मागची यादी समोर ठेवून कुणीही लिहील. आपल्याकडे चादर विणताना आधी ताणा (उभे धागे) लावतात, बाणा (आडवे धागे) नंतर. ही १२ नावं म्हणजे ताणा. हरमनप्रीत, हार्दिक, विवेक सागर, अभिषेक, सुखजीत यांच्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, दुखापतीची बातमी तेवढी बघा. सगळी मेहनत उरलेल्या चार-सहा जागांवर करा.

पहिलं काम म्हणजे स्पर्धेच्या नियमावलीत संघ किती जणांचा आहे ते पाहणं. ऑलिंपिकला १६, २०२३ च्या विश्वचषकाला १८ आणि दोन राखीव होते. प्रो लीगसाठी (देशोदेशींच्या संघांची वार्षिक लीग) आपण २४ जणांची यादी काढत आलोय, तिच्यावरून थेट अंदाज बांधू नका. पॅरिसला एक गोलरक्षक, पाच बचावपटू, पाच मधल्या फळीतले, पाच आघाडीचे होते. आशिया चषकात दोन, सहा, पाच, पाच. दोन जागा वाढल्या, त्या गेल्या कुठे? एक दुसऱ्या गोलरक्षकाला, एक बचावपटूला. बहुतेक जण इथेच फसतात: जागा वाढली की आवडता आघाडीवीर घुसवतात. २०२३ च्या विश्वचषकात तर १८ जणांत आघाडीचे चारच होते. क्रेग फुल्टन हे प्रशिक्षक आधी बचाव भक्कम करणारे आहेत, हेही लक्षात असू द्या.

यादीत छापलेल्या ‘बचावपटू’, ‘मधली फळी’ या शिक्क्यांवर फार विसंबू नका. मनप्रीत मधल्या फळीत लिहिलेला असतो, पण फुल्टननी त्याला बचावातही खेळवलंय. दोन जागी खेळणारा खेळाडू सोळाच्या संघात दीड माणसाचं काम करतो, म्हणून शेवटच्या जागेसाठी त्याचं पारडं जड.

आता सर्वांत महत्त्वाचं, पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळ नियमभंग झाला की समोरच्या संघाला मिळणारी गोलची संधी. हॉकीत खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर करता येतात, पण पेनल्टी कॉर्नर मिळाला की तो पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही (बचाव करणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाची दुखापत वगैरे सोडून). म्हणजे त्या क्षणी मैदानात जे असतील त्यांनीच चेंडू आत ढकलायचा, अडवायचा आणि फ्लिक मारायचा, म्हणजे स्टिकने ओढून गोलकडे भिरकावायचा. हरमनप्रीत बाकावर असताना कॉर्नर मिळाला तर दुसरा ड्रॅगफ्लिकर आत असायलाच हवा. म्हणून प्रत्येक नावापुढे ‘कॉर्नरला काय करतो’ हा रकाना ठेवा: फ्लिकर, आत ढकलणारा, अडवणारा, आणि आपल्यावर कॉर्नर आला की गोलरेषेवरून पहिला धावून जाणारा. हा शेवटचा रकाना लोक रिकामाच सोडतात. अमित रोहिदासचं मोल त्यातच आहे. तो पहिला धावणारा आणि शिवाय फ्लिकर. पॅरिसला ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्याला लाल कार्ड मिळालं, पुढच्या सामन्यासाठी बंदी आली, आणि जर्मनीविरुद्धची उपांत्य लढत १५ जणांनिशी खेळून आपण २-३ अशी हरलो. एका माणसाबरोबर दोन कामं गेली होती.

बचावपटू आणि ड्रॅगफ्लिकर जुगराज सिंगचं गणित याच रकान्यांतून सुटतं. २०२४-२५ च्या हॉकी इंडिया लीगमध्ये सर्वाधिक १२ गोल त्याचे होते. पण सोळाच्या संघात पाचच बचावपटू बसतात आणि हरमनप्रीत, रोहिदास, संजय हे तिघंही फ्लिक मारतात. म्हणून पॅरिसला जुगराज राखीव राहिला आणि अठरांच्या संघात सहावा बचावपटू म्हणून आला. लीगमधले गोल मोजून नावं लिहिणाऱ्यांचा घोटाळा इथे होतो. गोल किती यापेक्षा ते काम संघात आधीच कोण करतंय, हे आधी विचारा.

राखीव खेळाडूंची नावं जपून ठेवा, त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. २०२३ च्या विश्वचषकाला राजकुमार पाल आणि जुगराज राखीव होते. हार्दिकला दुखापत झाल्यावर राजकुमार त्याच स्पर्धेत संघात आला, पुढे पॅरिसच्या १६ मध्येही बसला. पॅरिसचे राखीव तिघे: नीलकांत शर्मा, जुगराज, कृशन पाठक. त्यातले दोघे आशिया चषकाच्या मुख्य संघात आले, श्रीजेशच्या निवृत्तीनंतर पाठक गोलमध्ये. आशिया चषकाला राखीव होते नीलम संजीप झेस आणि सेल्वम कार्ती. तुमच्या शेवटच्या जागांसाठी तपासणी या दोघांपासून सुरू करा.

विश्रांती आणि वगळणं यातला फरक ओळखणं सर्वांत अवघड. पॅरिसनंतर लगेच झालेल्या २०२४ च्या आशियाई चॅम्पियन्स करंडकात ऑलिंपिकचे दहाच जण होते. श्रीजेश निवृत्त, हार्दिक, मनदीप, ललित, शमशेर, गुरजंत बाहेर. त्यातले हार्दिक आणि मनदीप वर्षभरात आशिया चषकाला परतले, ललितने २०२५ मध्ये निवृत्ती घेतली, शमशेर-गुरजंत त्या संघात दिसले नाहीत. एकाच यादीवरून यातलं काहीही कळलं नसतं. बंगळुरूच्या सराव शिबिराची यादी आणि त्यानंतरचा प्रो लीगचा संघ, दोन्हींत नाव नसेल तर तो वगळला गेलाय असं धरा. शिबिरात आहे पण संघात नाही, तर विश्रांती किंवा दुखापत.

कनिष्ठ संघातली नावं मोह पाडतात. डिसेंबर २०२५ मध्ये श्रीजेशच्या मार्गदर्शनाखाली कनिष्ठ विश्वचषकात कांस्यपदक आलं, त्यामुळे यंदा कट्ट्यावर हा मोह जास्तच असणार. अशी फार तर एक-दोन नावं लिहा, आणि तीही प्रो लीगमध्ये वरिष्ठ संघाकडून खेळलेल्यांचीच. आपल्या भागाच्या मायेचंही तसंच. महाराष्ट्राचा सूरज करकेरा आशिया चषकाच्या संघात दुसरा गोलरक्षक म्हणून होता. त्याचं नाव त्या जागेच्या हिशेबात धरा, मायेपोटी नाही. फलटणकडच्या वैष्णवी फाळकेचा अभिमान वाटतो तो रास्तच, पण महिला संघाची यादी वेगळी करा. तिथे हेच रकाने चालतात, नावांचं गणित मात्र नव्याने मांडावं लागतं.

यंदा एक गाठ जास्त आहे. विश्वचषक १५ ते ३० ऑगस्टला बेल्जियम-नेदरलँड्समध्ये, आणि १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये आशियाई क्रीडा स्पर्धा. तिथल्या सुवर्णपदक विजेत्याला २०२८ च्या ऑलिंपिकचं थेट तिकीट. मध्ये जेमतेम वीस दिवस. किरकोळ दुखापत असलेल्या अनुभवी खेळाडूला ऑगस्टमध्ये जपतील का, हा विचार प्रत्येक वयस्कर नावापुढे करा. माझ्या मते ताण्याला हात लावणार नाहीत, पण शेवटच्या दोन जागा दोन स्पर्धांत वेगळ्या निघू शकतात.

यादी बंद करण्याचा दिवस आधीच ठरवा. २०२३ च्या विश्वचषकाचा संघ तीन आठवडे आधी आला, पॅरिसचा महिनाभर आधी, आशिया चषकाचा अवघे नऊ दिवस आधी. विश्वचषकासाठी जुलैच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या बंद केलेल्या बऱ्या.

गुण देताना सगळ्या नावांना सारखा गुण देऊ नका, नाहीतर सगळेच बारा-तेरावर अडकतील. आशिया चषकात असलेल्या नावाला एक, नसलेल्या नावाला तीन, चुकीच्या नव्या नावाला उणे एक. राखीव नाव बरोबर आलं तर दोन. बरोबरी झाली तर सहावा बचावपटू ज्याचा बरोबर, तो पुढे.