ताओवाद आणि आय चिंग शिकायला सुरुवात कुठून करावी? ऑनलाइन दीक्षा घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की तीन चिनी नाणी आणि आय चिंगचं, म्हणजे नाणी टाकून प्रश्नाचं उत्तर बघतात त्या जुन्या चिनी ग्रंथाचं पुस्तक मागवलंत, दोन आठवडे रोज नोकरीबद्दल तोच प्रश्न विचारताय, दर वेळी उत्तर वेगळं येतंय, आता ताओवादाची, म्हणजे त्या जुन्या चिनी धर्माची 'दीक्षा' देणारा एक ऑनलाइन कोर्स दिसलाय तो घ्यावा का, आणि घरचे विचारतायत की हे आपल्या देवाला चालतं का. मी जाणकार वगैरे नाही. मूळचा कुडाळकडचा, सहा वर्षं झाली तैवानमध्ये शिनचूला चिपच्या फॅक्टरीत नोकरीला आहे, आणि इथल्या देवळांमध्ये नवखा म्हणून जे धडपडलो तेवढंच सांगू शकतो.

पहिलं म्हणजे कोर्स घेऊ नका. इथे ताओवादाचे पुजारी दोन मोठ्या परंपरांचे असतात, झंगयी आणि च्युआनझेन, पहिल्यातले लग्न करून संसार करणारे आणि दुसऱ्यातले मठात राहणारे, तैवानात बहुतेक पहिल्यातलेच. पुजारी व्हायचं तर गुरूच्या हाताखाली कित्येक वर्षं काढावी लागतात, मंत्र, पोथ्या, वाद्यं सगळं पाठ. आणि साध्या माणसाला दीक्षा लागतच नाही. माझ्या शेजारच्या आजी रोज उदबत्ती लावतात, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी देवाला फळं ठेवतात, त्यांना विचारलं तुम्ही ताओवादी का, तर म्हणाल्या मी देवाला जाते. संपलं.

दुसरं, आय चिंग म्हणजे ताओवाद नव्हे. तो ग्रंथ ताओवादाच्या संघटित पंथांपेक्षा खूप जुना, झोउ राजघराण्याच्या काळातला, आणि कन्फ्यूशियसवाल्यांच्याही पंचग्रंथांत त्याची गणना होते, म्हणजे सगळ्यांचा सामायिक वारसा. उलट ताओ ते चिंग या ताओवादाच्या मूळ ग्रंथाच्या 38व्या अध्यायात आधीच कळणं हे ताओचं (म्हणजे विश्वाच्या वाटेचं) नुसतं फूल आहे, मूर्खपणाची सुरुवात आहे अशा अर्थाचं सरळ लिहिलंय. झ्वांगझी या दुसऱ्या जुन्या ताओवादी ग्रंथात तर एक भारी गोष्ट आहे. एक भगत लोकांच्या मरणाची तारीखसुद्धा अचूक सांगायचा, लिएझी नावाचा शिष्य त्याच्यावर फिदा झाला आणि त्याला आपल्या गुरूकडे घेऊन आला. गुरूने दर भेटीत वेगळंच रूप दाखवलं, चौथ्यांदा भगत धड उभाही न राहता पळून गेला, आणि लिएझी घरी जाऊन तीन वर्षं बाहेर पडला नाही, बायकोसाठी स्वयंपाक केला आणि डुकरांना माणसांसारखं खाऊ घातलं. तेव्हा भविष्य आणि ताओ यांचं नातं तिथेसुद्धा सासू-सुनेसारखंच आहे, एका घरात राहतात पण पटतंच असं नाही.

आता तुमच्या नाण्यांचं. एका बाजूचे 3, दुसऱ्या बाजूचे 2, तिघांची बेरीज 6 ते 9, असं सहा वेळा करून खालून वर अखंड किंवा तुटक सहा रेघा, अशा एकूण 64 आकृत्या, 6 आणि 9 आले की ती रेघ बदलती, हे तुम्हाला पुस्तकातून कळलंच असेल. जुनी रीत मात्र 50 काड्यांची. एक बाजूला ठेवायची, उरलेल्या 49 वाटत-मोजत बसायचं, एका रेघेला तीन फेऱ्या म्हणजे पूर्ण आकृतीला 18 फेऱ्या, सहज अर्धा तास जातो. गंमत म्हणजे गणितही वेगळं पडतं, नाण्यांनी 6 आणि 9 दोन्ही आठात एकदा, काड्यांनी मात्र 9 सोळात तीनदा आणि 6 सोळात एकदाच. पण मला वाटतं खरा फरक त्या अर्ध्या तासाचा आहे, एवढं बसून मोजायचं म्हटल्यावर माणूस रोज उठून तोच प्रश्न विचारणार नाही. आणि तुमच्या पुस्तकातली चौथी आकृती उघडून बघा, मेंग नावाची, तिथे स्पष्ट म्हटलंय की पहिल्यांदा विचारलंस तर सांगतो, दुसऱ्या-तिसऱ्यांदा म्हणजे पिरपिर, पिरपिर करणाऱ्याला सांगत नाही. दोन आठवडे तुम्ही नेमकं तेच करताय राव.

मला हे कसं कळलं ते सांगतो. आमच्या बाजारापाशी माझूचं देऊळ आहे, माझू म्हणजे दर्यावर्दींची देवी, कोळ्यांची. तिथे लाकडाचे दोन लाल तुकडे असतात, अर्धचंद्रासारखे, एक बाजू सपाट एक फुगीर, त्यांना ज्याओबेई म्हणतात. प्रश्न विचारून दोन्ही जमिनीवर टाकायचे. एक सपाट एक फुगीर वर आलं तर होय. दोन्ही फुगीर वर तर नाही. दोन्ही सपाट वर आले तर ते पाळण्यासारखे डुलत राहतात, त्याला म्हणतात देव हसला. मी पहिल्यांदा बघितलं आणि मनात म्हटलं अरे हा तर आपला कौल! आमच्या गावी रवळनाथाच्या अंगावर पाकळ्या लावतात, उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं, आणि त्याआधी गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे होय म्हाराजा म्हणतात. इथे गाऱ्हाणं आपलं आपणच घालायचं, स्वतःचं नाव, जन्मतारीख, पत्ता, मग काम. पत्ता का, तर वरचं दैवत-मंडळ म्हणजे अख्खं सरकारी खातं आहे. शिनचूतलं सगळ्यात प्रसिद्ध देऊळ 1748 सालचं चेंगहुआंगचं, म्हणजे नगरदेवाचं, तो चक्क शहराचा कलेक्टर-न्यायाधीश, त्याच्या हाताखाली कारकून-शिपाई सगळे. (देवळाच्या दारातच खाऊगल्ली आहे, मांसाचे गोळे आणि शेवया, शाकाहारी असाल तर उपाशी परत याल.)

तर मी मोठ्या थाटात विचारलं, नोकरी सोडून गावी जाऊ की इथेच राहू? डुलले. परत टाकले, डुलले. तिसऱ्यांदा पण. बाजूला देवळाची सेवा करणारे एक काका बसले होते, ते माझं मोडकं चिनी ऐकून म्हणाले, दोन प्रश्न एकात विचारलेस, देवी हो कशाला म्हणणार? मला एकदम आमचा म्हातारा गुरव आठवला, तो लोकांवर खेकसायचा, "तुका काय व्हया ता आधी ठरव, मगे देवाक इचार."

मग काकांनी चिठ्ठी काढायला लावली. आधी ज्याओबेई टाकून देवी चिठ्ठी द्यायला तयार आहे का विचारायचं, मग नंबर घातलेल्या काठ्यांच्या डब्यातून एक काठी काढायची, मग हीच काठी का म्हणून परत टाकायचं आणि लागोपाठ तीन होय आले तरच ती खरी. होय-नाही निम्मं-निम्मं धरलं तर आठात एकदा जमणार, मला पाचव्या काठीला जमलं, तोवर गुडघे कामातून गेले. मग त्या नंबरच्या खणातून कागद घ्यायचा. 60 चिठ्ठ्यांचा संच तैवानात सगळ्यात जास्त चालतो, चार ओळींची कविता आणि खाली विषयांची यादी, ती वाचून मला हसूच आलं: लग्न, आजार, कोर्टकचेरी, हरवलेली वस्तू, गुरं, पाऊस, मासेमारी, माशांची पिल्लं, घर बांधणं. सगळं आमच्या गावचं. नोकरी कुठेच नाही. काका म्हणाले 'परगावी जाणं' ही ओळ वाच. माझ्या चिठ्ठीला गोष्ट होती म्हाताऱ्या ज्यांग झियाची, जो वेई नदीकाठी सरळ गळ टाकून बसायचा आणि पार म्हातारपणी राजा स्वतः त्याला शोधत आला. मी म्हटलं म्हणजे थांबू? काका म्हणाले, तो थांबला होता पण घरी नाही, नदीवर. तुझी नदी कुठली ते मला काय माहीत. यावर मी चार महिने विचार केला आणि शेवटी डिपार्टमेंट बदलून घेतलं, नोकरी तीच. चिठ्ठीत हे कुठेच लिहिलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही नाणी महिनाभर कपाटात ठेवा. एक प्रश्न वहीत नीट लिहा, हो-नाही उत्तर येईल असा, 'की' हा शब्द नको. सरावच करायचा असेल तर बादुआनजिन हा चिनी व्यायाम शिका, आठ हालचाली, पंधरा मिनिटं, मी पार्कातल्या आज्यांच्या मागे उभा राहून शिकलो, वर्षभर गुडघे वाकवताना ओरडा खाल्ला. आणि मुंबईत असाल तर माझगावला डॉकयार्ड रोड स्टेशनपासून जवळ नवाब टँक रोडवर सी यूप कून म्हणून जुनं चिनी देऊळ आहे, 1919चं, क्वान कुंग हा योद्धा देव आणि क्वान यिन ही करुणेची देवी, दोघांचं, एकदा जाऊन या. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको.

राहिला घरच्यांचा प्रश्न. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर हे सगळं दाखवलं तर तिला काडीचं नवल वाटलं नाही, फक्त म्हणाली विचारतोच आहेस तर परड्यातल्या नव्या विहिरीला पाणी लागेल का ते पण विचार. मी काकांना सांगितलं. त्यांनी पत्ता विचारला, कुडाळ कुठे ते मोबाइलवर नकाशात बघितलं आणि म्हणाले, इतक्या लांबची जमीन हिला काय माहीत, तिथला देव आहे ना, त्यालाच विचारा.