ताऱ्यांवरून जागा कशी काढतात : दीपमाळ, घड्याळ आणि तेलाची परात

ध्रुवतारा उत्तर दाखवतो, पण तेवढ्यावरून भर समुद्रात आपण नेमके कुठे आहोत हे कसे कळते, आणि पुण्यात राहून याचा सराव करता येतो का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. पहिल्या प्रश्नात थोडी गल्लत आहे. दिशा कळणे वेगळे आणि जागा कळणे वेगळे. जागा काढण्यासाठी तारा क्षितिजापासून किती उंच आहे तो कोन, म्हणजे उन्नतांश, आणि तो मोजला त्या क्षणाची अचूक वेळ, या दोन गोष्टी लागतात.

देवळापुढची दीपमाळ डोळ्यांसमोर आणा. तिची उंची ठाऊक असेल आणि तिचे टोक किती अंशांवर दिसते हे मोजले, तर आपण बुंध्यापासून किती अंतरावर उभे आहोत हे सांगता येते. कोणत्या बाजूला, हे मात्र सांगता येत नाही. म्हणजे आपण तिच्याभोवतीच्या एका वर्तुळावर कुठेतरी आहोत. ताऱ्याचेही तसेच आहे. कोणत्याही क्षणी प्रत्येक तारा पृथ्वीवरच्या कुठल्यातरी एका ठिकाणी बरोबर डोक्यावर असतो. ते ठिकाण हा त्याचा बुंधा समजा. आपल्या डोक्यापासून तारा जितका ढळलेला, तितके आपण त्या बुंध्यापासून दूर, आणि एका कलेला (अंशाच्या साठाव्या भागाला) एक सागरी मैल (१८५२ मीटर) असा सरळ हिशेब आहे. तारा ४० अंश ढळलेला असेल तर बुंधा २४०० मैलांवर. दुसऱ्या ताऱ्याचे वर्तुळ पहिल्याला दोन ठिकाणी छेदते, पण त्यांतले एक ठिकाण बहुधा इतके लांब असते की शंका उरत नाही. बोटीवर आम्ही निदान तीन तारे घेत असू, कारण पहिल्या दोन मोजमापांतली चूक तिसऱ्यामुळे उघडी पडते.

हा बुंधा मात्र सतत सरकत असतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे घड्याळ चार सेकंद चुकले की रेखांश एका कलेने चुकतो. अरब नाखवे ‘कमाल’ नावाची फळी आणि गाठी मारलेली दोरी एवढ्यावर ध्रुवाची उंची मोजून अक्षांश राखत. रेखांशाचे कोडे सुटण्यासाठी मात्र इंग्रज घड्याळजी जॉन हॅरिसनचे जे घड्याळ १७६१ साली जमैकाच्या सफरीवर गेले, तशा घड्याळाची वाट पाहावी लागली.

कोणत्या क्षणी कोणाचा बुंधा कुठे, हे नाविक पंचांगात दिलेले असते. त्यात निवडक ५७ तारे असतात. चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, श्रवण, अभिजित, अगस्त्य हे सगळे त्यांत आहेत. मला त्यांची इंग्रजी नावे घोकावी लागली, तारे ओळखीचेच होते. तारे आणि क्षितिज दोन्ही एकाच वेळी दिसायला हवेत, म्हणून काम संधिप्रकाशातच उरकावे लागते, आणि आपल्याकडे तो फार वेळ टिकत नाही. शिवाय डोळा जितका उंचावर, तितके क्षितिज खाली दिसते. ब्रिज (जहाज चालवण्याची वरची खोली) १६ मीटर उंच असेल तर ही दुरुस्ती सुमारे सात कलांची असते. ती विसरलात तर जागा सात मैलांनी चुकते.

आता पुणे. समुद्राचे क्षितिज नाही, म्हणून वारा लागणार नाही अशा जागी परातीत गाडीचे वापरलेले ऑइल ओता आणि सेक्स्टंटने (कोन मोजण्याच्या यंत्राने) आकाशातला सूर्य त्यातल्या प्रतिबिंबावर तंतोतंत बसवा. दोन्ही बाजूंच्या गडद काचा आधी लावायच्या, कारण तेलातला सूर्यही डोळा जाळतो. येणारा कोन सूर्याच्या उंचीच्या दुप्पट असतो. समजा २२ डिसेंबरला मध्यान्ही यंत्राची चूक वजा जाता ९६ अंश ८ कला आल्या. निम्मे ४८ अंश ४ कला. हवेतल्या वक्रीभवनाची एक कला वजा केली की ४८ अंश ३ कला. हे ९० मधून वजा करा, ४१ अंश ५७ कला. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या २३ अंश २६ कला दक्षिणेला असतो, त्या वजा केल्या की १८ अंश ३१ कला उरतात. हाच पुण्याचा अक्षांश.

मध्यान्हाचा क्षण घड्याळात नुसता पाहून पकडू नका, कारण माथ्यावर सूर्य काही मिनिटे थबकल्यासारखा वाटतो. अर्धा तास आधी एक उंची मोजा, दुपारनंतर तीच उंची पुन्हा केव्हा येते ते पाहा, आणि दोन वेळांचा मध्य घ्या. त्या दिवशी तो १२ वाजून ३३ मिनिटांच्या आसपास यावा. परातीची ही रीत दुपारच्या सूर्यासाठी ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच चालते. इतर महिन्यांत सूर्य ६० अंशांच्या वर चढतो, त्याची दुप्पट १२० च्या पलीकडे जाते आणि बहुतेक सेक्स्टंटचे माप तिथेच संपते. तेव्हा सकाळचा किंवा संध्याकाळचा सूर्य घ्या.