फळी नको, रॅम्प मागा, आणि लेखी मागा

ताई, तुमचा मेल वाचला. भाऊ व्हीलचेअरवर, फ्लॅट तुमच्या नावावर, लिफ्ट आहे पण लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या, आणि सोसायटीची कमिटी म्हणते रॅम्प केला तर एक पार्किंग जातं, हवं तर फळी टाका नाहीतर तळमजल्याचं घर बघा. तळमजल्याचं परवडत असतं तर तुम्ही मला कशाला लिहिलं असतंत!

आधी फळीचं बोलू. तीन पायऱ्या म्हणजे साधारण १८ इंच चढ, आणि रॅम्पचं माप १:१२, म्हणजे इंचाला एक फूट, सरळ १८ फूट. सहा फुटी फळीवरून भरलेली व्हीलचेअर सेक्रेटरींनी एकदा ढकलून दाखवावी. जागा कमी असेल तर मधे वळण घेऊन रॅम्प बसतो, आर्किटेक्टकडून साधं ड्रॉइंग काढून घ्या.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये खाजगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थाही, म्हणजे तुमची सोसायटीही, येते आणि वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव धरलाय. फक्त 'वाजवी' म्हणजे समोरच्यावर अवास्तव बोजा नको, आणि कमिटी तिथेच अडून बसणार. म्हणून खर्चातला काही वाटा उचलायची तयारी अर्जातच लिहून टाका, कायदा तुम्हाला ते करायला लावत नाही पण त्यांचा खर्चाचा मुद्दा तिथेच बसतो. अर्जाला ड्रॉइंग, पायऱ्यांचे फोटो, भावाच्या यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) झेरॉक्स जोडा आणि कॉपीवर पोचेचा सही-शिक्का घ्या, तोंडी नकाराला काही किंमत नसते.

लेखी नकार आला किंवा नुसतेच गप्प बसले तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांना चौकशीसाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, पण शेवटी देतात ती शिफारस, त्यामुळे एका कागदात काम होईल असं मी म्हणणार नाही. तरी आयुक्तांची नोटीस आली की बऱ्याच कमिट्यांना पार्किंगची दुसरी जागा सापडते, हा माझा अनुभव.

५ टक्के आरक्षणाचं विचारलंत. ते सरकारी गृहयोजनांच्या वाटपात, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना. भावाच्या नावाने अर्ज जरूर भरा, पण त्या भरवशावर इथला रॅम्प सोडू नका.

बिल्डिंगचा प्लॅन कधी मंजूर झाला ते कळवा. कायदा एप्रिल २०१७ पासून लागू आहे, प्लॅन त्यानंतरचा असेल तर मुळात या तीन पायऱ्या पास कशा झाल्या हे आधी विचारावं लागेल, आणि ते कमिटीला नाही.