सिग्नलला जिप्सी नाचते, इसीयू बदलू का?

प्रश्न: नमस्कार काका, माझ्याकडे २००४ ची जिप्सी किंग आहे, एमपीएफआय (कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरवाली). सहा महिने झाले एकच त्रास चाललाय. सकाळी थंड असताना एकदम मस्त चालू होते, पण कोथरूडहून निघून नळ स्टॉपच्या सिग्नलला येईपर्यंत गरम झाली की रेस आपोआप वर-खाली व्हायला लागते. घूं... घूं... घूं असं चालूच राहतं, मागचा माणूस समजतो मीच रेस मारतोय. गॅरेजवाल्याने मीटर लावला तर मिनिटाला ८०० ते १६०० फेऱ्यांच्या मधे फिरत होतं. प्लग बदलले, प्लगच्या वायरी बदलल्या, इंजेक्टर साफ केले, आयडलचा व्हॉल्व्ह नवीन टाकला, एवढं करून फरक शून्य, आणि आता तो म्हणतोय इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या, एक म्हणजे दोन वर्षांपूर्वी बाहेरून एसी बसवून घेतलाय, आणि दुसरं, ब्रेक दाबून धरला की रेसमधे थोडा फरक पडतो. ई२० (वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे होत असेल का? इसीयू बदलू का?
*एक वाचक, कोथरूड*

उत्तर: इसीयू अजिबात बदलू नका, निदान आत्ता तरी नाही. तुम्ही ज्या दोन गोष्टी शेवटी लिहिल्यात ना, एसी आणि ब्रेक, त्याच खरं तर पहिल्या सांगायच्या होत्या, कारण माझ्या मते तुमच्या गाडीत कुठूनतरी हवा आत शिरतेय आणि त्या हवेवर इंजिनचा ताबा नाही.

आधी हे घूं-घूं का होतं ते समजून घ्या, म्हणजे कोणी काहीही सांगून पार्ट गळ्यात मारणार नाही. जिप्सीच्या या इंजिनमधे मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधलं (इंजिनला हवा वाटून देणाऱ्या पाइपांमधलं) प्रेशर मोजतो आणि त्यावरून इसीयू पेट्रोल ठरवतो. नळी कुठे फाटली की जास्तीची हवा मॅनिफोल्डमधे येते, प्रेशर वाढतं, इसीयूला वाटतं इंजिनला हवा मिळतेय तर पेट्रोलही द्या, आणि रेस चढते. आयडलचा व्हॉल्व्ह ती खाली आणायला बंद होत जातो, पूर्ण बंद झाला तरी रेस उतरत नाही, मग ती एका हद्दीपुढे गेली की इसीयू बघतो पाय तर अॅक्सिलरेटरवर नाही, म्हणजे गाडी उतारावरून गिअरमधे येतेय, आणि पेट्रोल तोडतो. रेस धाडकन पडते, पडली की परत पेट्रोल सुरू, परत चढते. हेच तुमचं ८०० ते १६००. थंड असताना का होत नाही, तर थंड इंजिनला तशीही जास्त हवा लागते आणि पेट्रोल तोडायची हद्दही तेव्हा वर असते, त्यामुळे फाटलेली नळी खपून जाते. आणि नवीन व्हॉल्व्हने फरक का पडला नाही तेही यातच आलं, जुना व्हॉल्व्ह बिचारा आधीच पूर्ण बंद होऊन बसला होता, नवीनही तेच करणार.

आता पहिलं काम ब्रेकचं, आणि हे आजच करा, कारण हा नुसता आयडलिंगचा प्रश्न नाही. गाडी बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल, तसाच पाय दाबून ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नंतर दाबून धरलेलं असताना पायाजवळ हवेचा स्स्स आवाज येत असेल आणि रेस बदलत असेल तर बूस्टरच्या (इंजिनच्या ओढीने ब्रेक हलका करणाऱ्या डब्याच्या) आतला पडदा फाटलाय असं धरून चाला, आणि तो दुरुस्त होईपर्यंत सिंहगड, ताम्हिणी, वरंधा काही नाही, घाटात ती गाडी न्यायचीच नाही. आवाज नसेल तर बूस्टरकडे जाणारी जाड नळी बघा. माझ्या स्वतःच्या जिप्सीला हेच झालं होतं. नळी वरून एकदम नवीकोरी दिसायची, दोन मेकॅनिकनी बघून ओके म्हटलं होतं. शेवटी मी क्लिप काढून नळी हातात घेऊन उलटी वाकवली तेव्हा क्लिपच्या बरोबर खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली, सोडली की परत मिटायची. इंजिनचे माउंटिंग बसलेले होते, दगडातून गाडी चालवली की इंजिन हलायचं आणि दर वेळी नळी तिथेच ओढली जायची. तेव्हा नळ्या नुसत्या बघू नका, एकेक काढून वाकवून बघा, आणि माउंटिंगही तपासा नाहीतर नवीन नळी वर्षभरात तिथेच फाटेल.

मग एसी. बाहेरून एसी बसवणारे बहुतेक वेळा रेस वाढवायला एक छोटा व्हॅक्यूमचा डबा लावतात आणि त्यासाठी मॅनिफोल्डच्या एखाद्या नळीत प्लास्टिकचा टी (तीन तोंडांचा जोड) घुसवतात. तो टी गरमीने कडक होऊन तडकतो, किंवा नळीच सैल बसते. पक्कड घ्या, तिच्या तोंडाला फडका गुंडाळा म्हणजे नळी कापली जाणार नाही, आणि गाडी गरम होऊन नाचायला लागली की मॅनिफोल्डवरची एकेक नळी मुळाशी दाबत जा. मॅपची नळी असेल तर तेवढी सोडा. जी दाबल्यावर नाचणं थांबेल तिच्या पुढेच चोर आहे. यातल्या पीसीव्हीच्या (इंजिनच्या पोटातली वाफ परत मॅनिफोल्डमधे नेणाऱ्या) नळीतून थोडी हवा जाणं ठरलेलंच असतं, तेव्हा तिथे फरक पडला तर लगेच निकाल देऊ नका, पीसीव्हीचा व्हॉल्व्ह काढून हलवून बघा, आत खडखड वाजला पाहिजे. सगळ्या नळ्या दाबून काही झालं नाही तर साबणाचं पाणी फवारणीच्या बाटलीत भरून मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर आणि इंजेक्टरच्या बुडाशी मारा, पाणी आत ओढलं गेलं की आवाज बदलतो. काही जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात किंवा उदबत्ती फिरवतात, मला ते मुळीच पटत नाही, गरम इंजिन आणि पेट्रोलची वाफ आहे तिथे आग लावायची साधनं कशाला न्यायची.

अजून एक खात्रीची परीक्षा आहे. हवेचा मोठा पाइप थ्रॉटल बॉडीवरून (अॅक्सिलरेटर दाबला की जिची पाकळी उघडून हवा आत जाते ती) काढा, पीसीव्हीची नळी पकडीने दाबून धरा (नाहीतर हवा तिथून येईल आणि तुम्ही फसाल), आणि चालू गाडीत थ्रॉटलचं तोंड जाड रबराच्या तुकड्याने झाका, फडक्याने नाही, फडका आत ओढला जातो. इंजिन दोन-तीन सेकंदात बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर हवा दुसरीकडून येतेय, पुरावा मिळाला.

आणि हो, थ्रॉटलच्या बाजूला जो स्टॉपचा स्क्रू असतो त्यावरचा कंपनीचा रंग तुटलेला आहे का बघा. रेस बसत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा त्याच स्क्रूला पिळतात आणि ते फार वाईट आहे, पाकळी कायमची उघडी राहते, थ्रॉटल सेन्सर चुकीचं सांगतो आणि खरा दोष झाकला जातो.

जमलं तर व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा मीटर) जरूर लावा, नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा, महाग नसतो. फक्त एक लक्षात ठेवा, इंटरनेटवर जे १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, दर हजार फुटांना एक इंच या हिशोबाने आपल्याकडे दोन इंच कमीच दिसणार, तेव्हा १६-१७ वर काटा स्थिर असेल तर इंजिन निरोगी आहे, उगाच घाबरू नका. सिंहगडावर गाडीतळावर बघाल तर त्याहून आणखी कमी. काटा ठराविक तालात एकाच जागी फटका मारत असेल तर मात्र इंजिनच्या आतल्या व्हॉल्व्हचं काम आहे, मग कॉम्प्रेशन मोजून घ्या.

ई२० बद्दल, इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं, अॅव्हरेज कमी होतं हे खरं, पण गरम झाल्यावर असं तालात नाचणं त्याने होत नाही. जुन्या रबरी पेट्रोलच्या नळ्यांना मात्र ते सोसत नाही, तेव्हा बॉनेट उघडलंच आहे तर त्या बोटाने दाबून बघा, फुगलेल्या किंवा चिकट लागल्या की त्याच दिवशी बदला.

हे सगळं करून हवा कुठेच सापडली नाही तर कूलंट बघा (कमी असेल तर तापमानाच्या सेन्सरभोवती हवा अडकते आणि तापमान उड्या मारतं) आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी काढून घासून परत लावा. हेडलाइट लावल्यावर रेस बिघडत असेल तर ही पट्टी सगळ्यात आधी. इसीयूचं नाव यानंतर, आणि तेव्हाही विकत घेण्याआधी दुसऱ्या जिप्सीचा चालू इसीयू लावून बघायचा. काय सापडलं ते नक्की कळवा.

प्रश्न: काका, माझी जुनी डिझेल जीप आहे, रात्रभर उभी राहिली की सकाळी चालू व्हायला त्रास देते आणि पहिली पाच मिनिटं आयडलिंग वर-खाली होतं. पंप खोलायला सांगतायत. काय करू?
*एक वाचक, हडपसर*

उत्तर: पंप राहू द्या. डिझेलमधेही हवाच, फक्त इथे ती डिझेलच्या लाइनमधे शिरते, रात्री डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाला फेस मिळतो. फिल्टर ते पंप या मधल्या लाइनमधे वीतभर पारदर्शक डिझेलचा पाइप तात्पुरता लावा आणि सकाळी बघा, बुडबुडे दिसले की प्रश्न सुटला. बॅन्जो बोल्टचे (ज्या पोकळ बोल्टातून डिझेल जातं त्यांचे) तांब्याचे वॉशर सगळे नवीन टाका, जुने उलटून लावू नका, हातपंपाचा वायसर आणि फिल्टरच्या वाटीचं रबर बघा. टाकीपासून येणाऱ्या नळीच्या क्लिपाही आवळा, तिथून डिझेल गळताना दिसत नाही पण हवा ओढली जाते, म्हणून तीच जागा सगळे विसरतात.