आधी मागची बाजू काढ

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या जिल्ह्यातल्या नियोजित सांस्कृतिक केंद्राचे तुझे नकाशे आणि सोबतचं टिपण दोनदा वाचलं. प्लॅन स्वच्छ आहे, पार्किंग आणि रॅम्पचा हिशोबही बरोबर बसलाय. पण तुझा सगळा जीव दर्शनी भागात अडकलेला दिसतो. कमळाच्या पाकळ्यांचं छत, दारावर चक्र, भिंतभर जाळी आणि मधोमध शिखरासारखा उंचवटा. भारतीय वारसा म्हटलं की हे सगळं आपसूक हाताखाली येतं, आणि समितीलाही ते चटकन ओळखू येतं. मोह मला कळतो. तरी एकदा ट्रेसिंग पेपर टाकून हे सगळं वगळून बघ. मग उरलेल्या इमारतीत तालुक्याचं प्रशासकीय भवन सहज मावेल. माझी हरकत तेवढ्याचीच आहे.

संदर्भ म्हणून तू जयपूरचं जवाहर कला केंद्र दिलंयस. त्यातली एकेका चौकोनाला एकेक ग्रह देण्याची नवग्रहांची कल्पना सगळेच उचलतात. चार्ल्स कोरियांनी जयपूर शहराची नऊ चौकड्यांची आखणी घेतली, 30 मीटर बाजूचे नऊ चौकोन केले, त्यातला एक बाजूला सरकवला आणि तिथून प्रवेश दिला. हे सगळं खरं, पण त्या इमारतीतलं शिकण्यासारखं ठिकाण मधला चौकोन आहे. तो रिकामा आहे, वर आकाश आणि खाली कुंडासारख्या पायऱ्या. तिथे काय व्हावं हे इमारत ठरवत नाही. त्यांचंच भोपाळचं भारत भवन (1982) रस्त्यावरून पाहिलंस तर जवळजवळ दिसतच नाही. गच्च्या आणि चौक उतरत उतरत मोठ्या तलावाकडे जातात. दर्शनी भाग म्हणावा असा नाहीच, तरी कुणाला ते परकं वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या दोनशे खुर्च्यांच्या बंदिस्त नाट्यगृहात हलगी कशी वाजणार?

हलगी वाजवणारा माणूस वाजवण्याआधी काय करतो ते जवळून बघ. थोडा पाचोळा किंवा कागद पेटवतो, कातडं त्या धगीवर धरतो, बोटाने टिचकी मारून ऐकतो, पुन्हा धरतो. आवाज टणक आला की उठतो. पावसाळी हवेत थोड्या वेळात कातडं सैल पडतं, की परत जाळाकडे. आता फायबरच्या पानाच्या हलग्या मिळतात, त्यांना शेक लागत नाही. पण ज्याला कातड्याचा नाद हवा, त्याला विस्तव हवा. गोंधळात दिवटी पेटती लागते. केरळच्या कूथंबलममध्ये, म्हणजे देवळातल्या नाट्यगृहात, कूडियाट्टम हे संस्कृत नाट्य होतं तेव्हा नटासमोर पितळी दिवा तेवत असतो आणि डोळ्यांचा अभिनय त्या उजेडासाठीच घडलेला असतो. तुझ्या नकाशात मात्र छतभर स्मोक डिटेक्टर आहेत, जमिनीवर कार्पेट आहे आणि विंगेतून बाहेर पडायला थेट वाट नाही. मग होतं काय, तर कलावंत मागच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये उकिडवे बसून वाद्य शेकतात आणि सुरक्षारक्षक त्यांना हटकतो. हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय, आणि प्रत्येक ठिकाणी दर्शनी भाग देखणाच होता.

म्हणून विंगेला लागून एक दगडी फरशीचा उघडा चौक काढ. त्यात विस्तवाची ठरलेली जागा, नळ, वाळूच्या बादल्या आणि पावसासाठी अर्ध्या भागावर उंच पत्रा. हा चौक अग्निशमन विभागाच्या मंजुरीच्या नकाशातच दाखव, नंतर चोरून वापरायला नको. आणि मुख्य सभागृहाइतकीच मोठी एक उघडी जागा ठेव, जिथे प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसू शकतील. आपल्या बहुतेक लोककला समोरासमोरच्या चौकटीसाठी जन्मलेल्याच नाहीत.

रंगपटाचंही तेच. तमाशाचा फड किंवा दशावताराची मंडळी ट्रकने किंवा टेम्पोने येतात. तो ट्रक रंगपटाच्या दाराला लागला पाहिजे. तुझ्याकडे तो प्रेक्षकांच्या पोर्चमध्ये उभा राहतो. बायकांच्या खोलीला आतून कडी, आरसे, पुरेसा उजेड, स्वतःचं स्वच्छतागृह आणि लहान मूल झोपवायला कोपरा. दशावताराच्या पेटाऱ्याची पूजा होते, तेव्हा ये-जा नसलेली एक स्वच्छ जागा द्यायची. नाचाचा मंच पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा दाखवलायस तो आजच खोड. कथक असो की लावणी, घुंगरं बांधून तासभर पाय आपटणाऱ्या बाईच्या गुडघ्यांना खाली पोकळी ठेवलेली लाकडी जमीनच लागते.

जुन्या पोथ्या आणि वस्तू ठेवायच्या कोठाराबद्दल थोडक्यात सांगता येणार नाही. तू ते तळघरात टाकलंयस, वर स्वच्छतागृहांची ओळ. एक पाइप गळला की संपलं, आणि पूर आला तर गळायचीही वाट बघायला नको. कोठार जमिनीच्या वर घे, पण गच्चीच्या स्लॅबला लागून नको. उत्तरेला घे, भिंती जाड ठेव. पोथ्या आणि कापडांवर 50 लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देऊ नये असा संकेत आहे, तेव्हा तिथे तुझी ती सुंदर जाळी नकोच. हवेतला दमटपणा 65 ते 70 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते आणि आपल्याकडे पावसाळ्यात तो त्याहून कितीतरी वर जातो. यावर लोक एसी लावतात आणि कार्यालय सुटलं की बंद करतात. दिवसा कोरडं, रात्री दमट असा रोजचा हेलकावा कागदाला आणि लाकडाला जास्त मारतो. जुन्या घरांत पोथ्या जाड कापडात बांधून लाकडी कपाटात ठेवत, त्यात शहाणपण होतं: कापड आणि लाकूड ओलावा हळू घेतात, हळू सोडतात. मशीन चोवीस तास चालवायचा पैसा नसेल तर याच मार्गाने जा. आगीसाठी इथे पाण्याचे फवारे न लावता गॅसवर चालणारी यंत्रणा मांड. दिल्लीतलं राष्ट्रीय निसर्ग इतिहास संग्रहालय 26 एप्रिल 2016 रोजी जळालं. त्यातल्या बऱ्याच वस्तू पैसे टाकून पुन्हा मिळणाऱ्या नव्हत्या.

टिपणात तू ‘सर्व राज्यांची दालनं’ लिहिलंयस. ते काढ. प्रत्येक राज्याला एक पुतळा, एक पेहराव आणि एक फलक येईल, आणि ते शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं दिसेल. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्राने फक्त दक्षिणेचा भाग घेतला, तिथली खरी घरं उतरवून आणली आणि मुट्टुकाडूला पुन्हा उभी केली. थोडं घेतलं म्हणून खोलात जाता आलं. भोपाळच्या मानव संग्रहालयात आदिवासी घरं त्या त्या समाजाच्या लोकांनी येऊन बांधली. मातीचं घर दर पावसाळ्यानंतर सारवावं, शाकारावं लागतं. देखभालीची ही कटकट मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे बांधणाऱ्यांना परत बोलवावं लागतं.

याच न्यायाने लॉबीतलं ॲक्रिलिकचं वारली भित्तिचित्र रद्द कर. लग्नाच्या वेळी बायका घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहीत. तो टिकावा म्हणून लिहिलेला नसे. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणली, जगभर नेली, तो वेगळा आणि मोठा प्रवास. तू लॉबीत एक कुडाची, गेरूने सारवलेली भिंत दे, जी दरवर्षी पुसली जाईल आणि दरवर्षी कुणीतरी मानधन घेऊन पुन्हा रंगवेल. ते मानधन अंदाजपत्रकात लिही.

आणि सगळंच तुझ्या इमारतीत यायला हवं असंही नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच चित्रकथी (चित्रं दाखवत सांगायची कथा) आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय मांडलं; 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथल्या चित्रांच्या पोथ्या उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी काचेत ठेवल्या तर त्या घरातला सराव थांबेल. तुझ्या केंद्राने अशा घरांना डिजिटल प्रत, दुरुस्ती आणि वर्षाकाठी काही प्रयोग द्यावेत. त्यासाठी चार-सहा निवासी खोल्या आणि स्वयंपाकघर लागेल. कॅफेची जागा निम्मी केलीस तर सहज बसतं.

रंगाईची कार्यशाळा ठेवणार असशील तर आधी बोअरचं पाणी तपास. 2001 च्या भूकंपानंतर कच्छमधल्या धमडका गावाच्या पाण्यात लोह वाढलं, अजरख या ठशांच्या कापडछपाईचे रंग बिघडू लागले, म्हणून छपाई करणाऱ्या कुटुंबांनी अजरखपूर वसवलं. सांडपाणी कुठे सोडणार हेही नकाशात हवं.

नवीच इमारत हवी का, हेही अशिलाला विचार. पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र उदयपूरच्या बागोर की हवेलीत आहे, आणि त्यामुळे हवेलीही वाचली. तुमच्या गावात बंद पडलेली जिनिंग मिल किंवा वाडा असेल तर निम्मा खर्च वाचेल की नाही हे सांगता येत नाही, पण पाया, सावली आणि लोकांची ओळख आयती मिळते.

पैशाचं शेवटी. बांधकामाला अनुदान मिळतं, फीत कापायला मंत्री मिळतात, मग कोठारपालाचं पद रिकामं राहतं आणि ध्वनियंत्रणा चालवणारा कंत्राटी मुलगा वर्षात निघून जातो. तुझ्या अहवालात बांधकामाच्या खर्चाशेजारी पहिल्या पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च लिही: वीज, पगार, मानधन, वाळवी प्रतिबंध, डागडुजी. आकडा बघून अशील दचकला तर इमारत लहान कर, खर्चाच्या ओळी लहान करू नकोस.

पुढचे नकाशे पाठवण्याआधी जिल्ह्यातल्या दोन फडमालकांना, एका गोंधळ्याला आणि जुन्या पोथ्या सांभाळणाऱ्या एखाद्या घराला भेट. प्रश्नावली नेऊ नकोस. नकाशाची मोठी प्रत ने आणि पेन्सिल त्यांच्या हातात दे. उघड्या चौकाच्या ना-हरकतीचा मसुदा मात्र एकटीने लिहू नकोस. शनिवारी ऑफिसला ये, बसून करू.