पहिल्यांदाच फायरप्लेसची चिमणी साफ करताय? आधी टॉर्च घ्या
ब्रश विकत घ्यायची घाई नको. फायरप्लेस पूर्ण थंड होऊ द्या (रात्री विझवली नि सकाळी हात घातला असं नाही, चांगले दोन-तीन दिवस), मग डॅम्पर (चिमणीची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) उघडून टॉर्चने वर बघा, आतून काळा थर दिसेल तो क्रिओसोट, म्हणजे लाकडाचा धूर थंड होऊन चिकटलेला, आणि हाच पेटतो. जुन्या स्क्रूड्रायव्हरने ओरखडून बघा. 3 मिमीच्या आसपास जाड असेल तर साफ केल्याशिवाय जाळ करू नका. भुसभुशीत असला तर ब्रशने निघतो, डांबरासारखा चकचकीत असला तर स्वतः खरवडत बसू नका, सरळ जाणकार माणूस बोलवा.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- ओलं लाकूड. मी पहिल्या सीझनला हेच जाळलं, ओंडक्याच्या टोकाला फेस येत होता नि मला वाटलं किती छान सुसू आवाज येतोय! ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा.
- राख प्लास्टिकच्या बादलीत. आत निखारे जिवंत असतात, पत्र्याची झाकणवाली घ्या.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म न लावणं. हा धुरातला विषारी वायू, त्याला वास नसतो हो.

तपासणी वर्षातून एकदा, थंडी सुरू व्हायच्या आधी. छतावर चढणं, लायनर (चिमणीचं आतलं अस्तर) वगैरे यंदा राहू द्या.