प्रिम्युला सावलीत लावताना

प्रिम्युला हे वसंतात फुलणारं बुटकं फुलझाड. त्याच्यासाठी सावली म्हणजे काळोख नव्हे. पानगळीच्या झाडाखालची जागा निवडा. वसंतात फुलांना कोवळं ऊन मिळतं, पुढे पालवी सावली धरते. मातीत कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळा आणि रोपं २० ते २५ सेंटीमीटर अंतरावर लावा.

नवखे चुकतात ते रोप किती खोल लावायचं यात. पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीच्या पातळीलाच हवा. तो पुरला गेला किंवा त्यात पाणी साचलं की सडतो, म्हणून पाणी बुंध्याशी द्या, वरून नको. माती ओलसर हवी, चिखल नको. सुकलेली फुलं देठासकट खुडा. गोगलगायी पाकळ्या कुरतडतात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचणं हा चांगला उपाय. ओल असूनही रोप मलूल दिसलं तर उपटून मुळं बघा, भुंग्याच्या पांढऱ्या अळ्या सापडू शकतात. दाटी झाली की बहर ओसरल्यावर, दर २-३ वर्षांनी, गड्डे विभागा.